नोकरदाराचे दोन तास आणि मोबाईलवरची चळवळ

कोर्टाच्या बार रूममध्ये, बँक कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर हल्ली एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. साहेब, आम्ही नोकरी-धंदा करणारी माणसे. दिवसभर राबून घरी येतो. मग व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांवर वेळ घालवावा की नाही? विचारणाऱ्यांत वकील असतात, डॉक्टर असतात, जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात, वीज कंपनीतले अभियंते असतात. काहींना वाटते, मोबाईलवर जो दिसत नाही तो चळवळीत नाही. काहींना वाटते, मोबाईलनेच चळवळ खाल्ली. ही दोन्ही मते आम्हाला घाईची वाटतात.

आधी साधा हिशेब करू. रोज दोन तास मोबाईलवर गेले तर वर्षाला ७३० तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर एक्क्याण्णव दिवस. म्हणजे सुशिक्षित माणूस वर्षातले तीन महिने दुसऱ्याच्या कंपनीत बिनपगारी राबतो आणि वर आपल्या खिशातून रिचार्ज मारतो! हे आमच्या समाजाला परवडणारे आहे काय? पहिल्या पिढीतला वकील, पहिल्या पिढीतला डॉक्टर यांच्या वेळेवर त्यांच्या घराचा, गावाचा, भावकीचा हक्क असतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी व्यथा बोलून दाखविली ती आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मान्यवर कांशीराम साहेबांनी ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी केली ती याच वर्गाकडून समाजासाठी वेळ, बुद्धी आणि पैसा मागण्यासाठी. त्यातला वेळ आज कुठे जातो, हे ज्याने त्याने आपल्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. तिथे तासांचा आकडा लिहिलेला असतो.

पण म्हणून मोबाईल फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. प्रस्थापित वृत्तपत्रांनी आमच्याशी कसा व्यवहार केला हे आम्ही विसरलेलो नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, आणि मोठ्या वृत्तपत्रांना त्यातली जात दिसायला कित्येक आठवडे लागले. योगायोग पाहा, त्याच महिन्याच्या २६ तारखेला अमेरिकेत फेसबुक सर्वांसाठी खुले झाले होते. आमच्या कार्यकर्त्यांच्या हाती मात्र तेव्हा पत्रके होती, झेरॉक्स होती आणि पायांत चपला होत्या. बारा वर्षांनी चित्र पालटले. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. त्याविरुद्ध २ एप्रिलचा भारत बंद झाला, तो कुणा एका मोठ्या पक्षाच्या आदेशावाचून. त्याची हाक मुख्यत्वे मोबाईलवरूनच गावोगाव गेली. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि पुढची गोष्ट कुणी फॉरवर्ड करीत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुनर्विचार याचिकेवर न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरली. रस्त्यावरच्या रेट्याने सरकार हलले हे खरे, पण मसुदे, याचिका, युक्तिवाद यांचे काम कुणीतरी कागद-पेन घेऊन रात्र रात्र बसून केले. ते काम व्यावसायिकाचे होते. हाक देणारे लाखो मिळतात, पण कागद तयार करणारे तालुक्यात दोन-चारच असतात. त्या दोन-चारांनी आपला वेळ लाईक मोजण्यात घालवावा काय?

या ठिकाणी एक अनुभव सांगणे भाग आहे. मराठवाड्यातल्या एका गावात पाण्याच्या वादावरून आमच्या एका भगिनीला भररस्त्यात जातिवाचक शिवीगाळ झाली, मारहाण झाली. शेजारच्या मुलाने ते सारे मोबाईलवर टिपले. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत शेकडो ग्रुपवर फिरली. निषेध झाले, नेत्यांची पत्रके निघाली, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चाही गेला. फिर्यादी बाईच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी आमच्याकडे वकीलपत्र आले तेव्हा खटला साक्षीला लागला होता. मूळ मोबाईल कुठे, असे आम्ही विचारले. पोलिसांनी तो जप्तच केला नव्हता. मुलाने तो दुकानात देऊन त्यावर नवा घेतला होता! हाती उरली ती दहा ठिकाणांहून फिरून आलेली धूसर प्रत. ती पहिल्यांदा कुणी टिपली, कधी टिपली, मध्ये काही कापले की नाही, हे शपथेवर सांगायला कुणी नाही. चित्रफीत पुराव्यात वाचली गेली नाही. उरला शेजारी साक्षीदार, तोही फितूर झाला. लाखभर लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले, ते कोर्टाने पाहिलेच नाही. ती बाई निकालाच्या दिवशी आम्हाला एकच म्हणाली, “भाऊ, सगळ्यांनी बघितलं होतं की!” तिला काय उत्तर द्यायचे?

हा कायदा परका नाही, आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातूनच तो स्पष्ट झाला आहे. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र हवेच. मात्र मूळ साधनाचा मालक स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन ते साधनच हजर करीत असेल तर प्रमाणपत्राची गरज नाही. याचा सरळ अर्थ असा, की तो जुना मोबाईल पेटीत ठेवला असता तर त्या मुलाची साक्ष पुरली असती. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाईलमध्ये तीळभर फरक पडला की ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठविताना चित्रफीत दाबून लहान केली जाते, तिथेच ठसा बदलला. हे आमच्या किती संगणक अभियंत्यांनी आपल्या गावच्या पोरांना समजावून सांगितले? रोजच्या ‘सुप्रभात’च्या चित्रांऐवजी एवढे एकदा सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते.

आता वकिलांविषयी थोडे. आमचे काही तरुण मित्र कोट-बँड घालून रील काढतात, खाली फोन नंबर देतात. त्यांची उमेद आम्हाला समजते. ज्याच्या बापाचे ऑफिस नाही, ज्याला सीनियर दारात उभे करीत नाही, त्याने पक्षकार आणायचा कुठून? परंतु बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने फक्त वेबसाईटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र इतकी माहिती देण्याची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाईन वकिली विकणाऱ्यांवर कडक ताशेरे ओढले. शिस्तभंगाची नोटीस आली तर मोठ्या घरचा वकील तिच्यातून सहज निभावून जाईल, आमचा पोरगा सनद गमावून बसेल. कायदा समजावून सांगा, जरूर सांगा. पण काम मागू नका.

सरकारी नोकरांची अवस्था आणखी नाजूक आहे. १९७९ चे वर्तणूक नियम होतेच, त्यात जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत स्वतंत्र सूचना काढल्या. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका केली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे योग्य की अयोग्य, यावर आमचे मत तीव्र आहे आणि ते आम्ही योग्य व्यासपीठावर मांडू. पण ज्याच्या पगारावर चार भावंडांचे शिक्षण चालते त्याने रात्री अकरा वाजता रागाच्या भरात पोस्ट टाकून निलंबन ओढवून घ्यावे, यात शौर्य ते कसले? आणि ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव चालेल या भ्रमातही राहू नये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका अभिनेता-राजकारण्याला तो नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयातही त्याला दिलासा मिळाला नाही. ग्रुप ॲडमिनना मात्र नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये थोडा धीर दिला आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान उद्देश नसेल तर, ॲडमिन दोषी ठरत नाही. आमच्याविरुद्ध जातीयवादी गरळ ओकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, इंटरनेटवरचा अपमान हा लोकांच्या नजरेसमोरचाच अपमान आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली म्हटले आहे. अशा ठिकाणी शिवीला शिवी देत बसण्यापेक्षा लिंक, तारीख, वेळ यांसह नोंद ठेवून फिर्याद द्यावी. त्याला अर्धा तास पुरतो.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही वर्तमानपत्रे चालविलीच की! चालविली. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला तेव्हा ते वकिली करीत होते, बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते, आणि त्यातूनच अंकाचे स्तंभ स्वतः लिहून काढीत होते. व्यवसाय सांभाळून माध्यमाला वेळ देणारा याहून मोठा माणूस आम्हाला ठाऊक नाही. पण ते पत्र आपले होते. काय छापायचे, कुणाला उत्तर द्यायचे, हे संपादक ठरवीत असे. आज आमचा तरुण ज्या भिंतीवर लिहितो ती भिंत परदेशी कंपनीची आहे. लिहिलेले कुणाला दाखवायचे ते ती ठरविते, आणि आमच्या भांडणावर जाहिराती विकते. बाबासाहेबांचा एक लेख वाचायला पाऊण तास लागतो. राज्य शासनाने १९७९ पासून काढलेले त्यांचे इंग्रजी खंड याच मोबाईलवर फुकट मिळतात. ते किती जणांनी उतरवून घेतले?

आम्ही स्वतः रात्री नऊ ते साडेनऊ एवढाच वेळ ठेवला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर शिष्यवृत्तीच्या मुदती, नवे निकाल आणि पोरांच्या शंका एवढेच चालते. महाडीबीटीवर अर्ज भरायची शेवटची तारीख वेळेवर कळल्याने एखाद्या मुलीचे वर्ष वाचले, तर तो अर्धा तास आम्ही सार्थकी लागला असे धरतो.

त्या मराठवाड्यातल्या गावच्या तरुणांनीही आता एक रीत पाडली आहे. काही घडले की चित्रफीत टिपणाऱ्याचा मोबाईल त्याच दिवशी बंद करून लिफाफ्यात घालतात, वर तारीख, वेळ आणि आयएमईआय क्रमांक लिहितात, आणि उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे पंचनाम्याने जमा करून पोच घेतात. नव्या मोबाईलसाठी वर्गणी काढतात. पहिल्या लिफाफ्याची पोच आमच्या फाईलला लावलेली आहे.