टॅटूची सुई नवी, पण प्लगचं काय?

गेल्या महिन्यात भाच्यासोबत बेळगावातल्या एका टॅटू स्टुडिओत गेलो होतो. कलाकाराने आमच्यासमोर सुईचं पाकीट फोडलं, हातमोजे बदलले, खुर्चीला नवीन प्लास्टिक गुंडाळलं. स्वच्छतेला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मशीनचा अडॅप्टर टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात होता, बोर्डाच्या वायरला मध्येच टेप लावलेली आणि शेजारीच फरशी पुसायची बादली. सुईबद्दल सगळे विचारतात, वायरबद्दल कुणीच नाही. मीही तेव्हा गप्पच बसलो. नंतर ओळखीच्या वायरमनला गाठलं, तेव्हा गोष्टी उलगडल्या.

धोका मशीनचा नाही, अडॅप्टरचा

टॅटू मशीन साधारण ५ ते १२ व्होल्टवर चालतं. एवढ्या कमी व्होल्टेजने सहसा झटका बसत नाही. पण हे १२ व्होल्ट येतात भिंतीतल्या २३० व्होल्टमधून. अडॅप्टरच्या आत या दोन बाजू वेगळ्या ठेवणारं इन्सुलेशन असतं. स्वस्तातल्या, बिनमार्कच्या अडॅप्टरमध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असू शकते. ते इन्सुलेशन गेलं, तर २३० व्होल्ट मशीनच्या धातूच्या भागात आणि सुईत उतरू शकतात.

कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. इथे मात्र सुई कातडीच्या आत आणि वरून साबणपाण्याचा फवारा. अशा वेळी शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरला, तर २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. साधारण ३० मिलिअँपिअरच्या पुढे जिवाला धोका मानतात. हा हिशेब माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही कळतो.

एमसीबी आहे, मग भीती कसली?

हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. तो अनेक अँपिअरवर पडतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, की तो क्षणात लाइन तोडतो. ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. पडला तर ठीक, नाहीतर बदलावा.

तपासणी कशी करतात?

निम्मं काम डोळ्यांनी होतं. सोललेली वायर, जळकट प्लग, मोडलेली अर्थची पिन, पायाच्या पेडलखाली चिरडलेली वायर हे सगळं दिसतं. पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. ऑटोक्लेव्हसारख्या धातूच्या उपकरणाचं अर्थिंग मीटरवर बघायचं. मग ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजायचं. ते १ मेगोहमच्या खाली आलं, तर उपकरण बाजूला काढायचं. अडॅप्टरचं मेगर करताना फेज-न्यूट्रल एकत्र जोडतात, नाहीतर आतलं सर्किट जळू शकतं. म्हणून हे घरी करून बघू नये. चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर ते उपकरण दुहेरी इन्सुलेशनचं असतं. त्याला अर्थिंग लागत नाही.

ब्रिटनमध्ये कामाच्या जागची विजेची उपकरणं सुरक्षित ठेवणं १९८९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तिथे तपासलेल्या प्लगवर तारखेचं स्टिकर लावायची पद्धत आहे. आपल्याकडे बेळगाव असो, म्हापसा असो की इंदूर, असं स्टिकर लावायला कुणी अडवलेलं नाही. गोव्यासारख्या दमट हवेत वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी तपासणी केलेली बरी.

गिऱ्हाईकाने काय बघावं?

• बोर्ड जमिनीवर, पाण्याजवळ नको.
• टेप लावलेली वायर नको.
• अडॅप्टरवर बीआयएसचा मार्क आणि नोंदणी क्रमांक हवा.
• बॅटरीवरचं वायरलेस मशीन असेल तर उत्तम, पण चार्जिंगला लावून वापरायचं नाही.
• ‘आरसीसीबी आहे का?’ हे सरळ विचारावं.

चार दिवसांनी त्या स्टुडिओत परत गेलो आणि मालकाला हे सांगितलं. त्याने राग धरला नाही, बोर्ड लगेच बदलला. आरसीसीबी आहे का, हे त्यालाही माहीत नव्हतं. दोघांनी मिळून डीबी उघडून बघितला. नव्हता.