रांगोळीच्या रेषेत मुंबईची खोली

गेल्या महिन्याच्या बैठकीत आम्ही गणेशपुरीत एक खेळ केला. बचतीचे पैसे गोळा झाले आणि आम्ही अंगणात रांगोळीने दहा फूट रुंद, सोळा फूट लांब चौकट आखली. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली एवढीच, १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, स्टोव्ह, हंडे आणि पेट्यांची जागा आखली. मग गटातल्या बारा जणींना आत आडवं व्हायला सांगितलं. आधी हसू फुटलं. नंतर पाय कुठे पसरावेत तेच कळेना. तीन जणी रेषेबाहेरच राहिल्या.

तेव्हा आमच्यातल्या एक मावशी बोलल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. "लग्नानंतर अकरा वर्षं मी गावीच होते. मला वाटायचं, ह्यांनाच मी तिथे नको आहे. जागाच नव्हती, हे आज कळलं."

या चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. संडास सगळ्यांना मिळून. गिरणगावात तर एकाच खोलीत कितीतरी कामगार पाळीपाळीने झोपत. एक कामावर जायला उठला, की रात्रपाळीचा येऊन तिथेच पाठ टेकायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. बायको-मुलं गावी.

हे दुःख लोकांसमोर खेळातून मांडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. तमाशातला गण त्यांनी बदलला. देवाच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटाची लावणी गायली होती. अण्णा भाऊंनीही 'मुंबईची लावणी' रचली, पण तिच्यात मलबार हिलचं सुख आणि परळच्या कामगाराचा घाम शेजारी-शेजारी ठेवला. 'माझी मैना गावावर राहिली' या त्यांच्या छक्कडीत मुंबईला गेलेल्या गड्याला गावची बायको आठवते, आणि त्याच ओघात संयुक्त महाराष्ट्राची मागणी येते. आमच्या मावशीही अशीच गावावर राहिलेली मैना.

म्हणून शहरातली अपुरी खोली हा गावातल्या बाईचाही प्रश्न आहे. आता बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, जुन्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर ठरलं आहे. त्याला शंभर वर्षं लागली. इकडे आपल्या भिवंडीत यंत्रमागावर परराज्यांतून आलेले कामगार आजही दाटीवाटीने राहतात. त्यांच्याही बायका दूर गावी वाट बघतात.

असा खेळ तुम्हीही करू शकता. मंच नको, पडदा नको. रांगोळी, एक हंडा, चार गोधड्या आणि डफ किंवा ताट पुरे. भाषण करू नका. बघणाऱ्या बायांनाच चौकटीत बोलवा आणि विचारा: यातून आता कोणी बाहेर जायचं? उत्तर देताना प्रत्येकीला आपलं माणूस आठवतं, बोलणं तिथून सुरू होतं.

चैत्रात वज्रेश्वरीच्या यात्रेत आम्ही हा खेळ करायचं ठरवलं आहे. खानावळवालीचं काम मावशींनी स्वतः मागून घेतलं आहे.