टंचाई सरली की योजनाही सरते

2023 च्या डिसेंबरात भारताने कांद्याची निर्यात बंद केली. तिकडे लासलगावात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले आणि इकडे मॉरिशसमध्ये आमच्या घरी फोडणीला कांदा जपून पडू लागला. पुढे भारत सरकारने खास परवानगी देऊन या बेटासाठी 1,200 टन कांदा सोडला. त्याच वर्षी जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली होती, तेव्हाही आमच्यासाठी 14,000 टनांची वाट मोकळी करून दिली गेली. अडचणीत मिळालेला हा हात आम्ही विसरणार नाही. पण 1968 साली स्वतंत्र झालेल्या देशाची चूल दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर अडावी, हे मला फार लागलं. असं होऊ शकतं, हे आमच्या राज्यकर्त्यांना 2008 पासून ठाऊक होतं.

त्याआधीची चाळीस वर्षं दोन ओळींत सांगता येतील. ऊस लावायचा, साखर युरोपला विकायची आणि आलेल्या पैशांत तांदूळ-पीठ आणायचं. 1975 च्या साखर कराराने वर्षाला पाच लाख टनांहून अधिक साखरेला हमीभाव मिळाला आणि अन्नाची चिंता कुणाला उरली नाही. 1982 मध्ये स्थापन झालेलं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन रेशनचा तांदूळ आणत राहिलं. त्या काळातली एकच गोष्ट मला मोलाची वाटते, ती म्हणजे उसाच्या दोन ओळींमधला बटाटा. उसाची नवी लागण केली की ऊस वर येऊन सावली धरेपर्यंत मधली जमीन उघडी असते, तेवढ्या अवधीत बटाट्याचं पीक निघतं. आमच्या वडिलांच्या पिढीने ही शेती मन लावून केली. एकाच रानातून साखरही निघाली आणि घरचं कालवणही.

मग 2008 उजाडलं. जागतिक बाजारात तांदूळ टनाला हजार डॉलरच्या वर गेला, भारताने निर्यात थांबवली आणि पोर्ट लुईत धावपळ सुरू झाली. शंभर कोटी मॉरिशस रुपयांचा अन्नसुरक्षा निधी जाहीर झाला. 2008 ते 2015 चा शेतीचा आराखडा आला. मोझांबिकमध्ये तेवीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथे भात पिकवायचं ठरलं. आम्ही लहान शेतकरी तेव्हा खरंच हरखलो होतो. मी उसाचा तुकडा मोडून टोमॅटो, घेवडा, भेंडी लावली.

ते दशक मी शेताच्या बांधावरून पाहिलं, म्हणून त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. अनुदानाचा अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो, तर जमिनीचा उतारा एकट्याच्या नावाचा हवा, असं सांगण्यात आलं. आमची दोन आर्पां, म्हणजे साधारण दोन एकर जमीन आजोबांपासून सामाईक. काही वारस फ्रान्सला, काही इंग्लंडला. सगळ्यांच्या सह्या आणा, म्हणाले. या बेटावर अशी सामाईक जमीन कितीतरी घरांत आहे, आणि ज्यांच्यासाठी योजना होती तेच तिच्या बाहेर राहिले. पीक आलं तरी लिलावात एका आठवड्याला भाव पडलेला आणि पुढच्या आठवड्याला माल नाही म्हणून चढलेला. त्यात रात्रीच्या चोऱ्या. पेरण्याआधी कुणी भावाची हमी दिली असती, तर त्या वर्षांत उसाकडे परत गेलेले माझे शेजारी भाजीवरच टिकले असते.

आणि खरी संधी त्याच वर्षांत हातची गेली. युरोपने 2006 पासून साखरेची किंमत टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवली आणि ऊस परवडेनासा झाला. या शतकाच्या सुरुवातीला सत्तर हजार हेक्टरांवर असलेला ऊस आज चाळीस हजारांच्या आसपास आलाय. एवढी जमीन मोकळी झाली, पण भाजीपाला-बटाट्याखालचं क्षेत्र आठ हजारांच्या आसपासच घुटमळत राहिलं. उरलेल्या जमिनीत कुठे रान माजलं, कुठे बंगले उभे राहिले. परदेशी श्रीमंतांना बंगले विकण्याची योजना 2002 ची, स्मार्ट सिटीची 2015 ची; त्यांच्यासाठी उसाची रानं चटकन बिगरशेती झाली. साखर धंद्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या मजुरांना रोख रकमेबरोबर सात पर्च जमीन मिळाली, म्हणजे जेमतेम घर बांधण्यापुरती. ज्यांच्या हातांत शेती होती, त्यांनाच शेतातून उठवलं गेलं.

2011 मध्ये भारताने बंदी उठवली, तांदूळ मुबलक झाला आणि मोझांबिकचं नाव भाषणांतून गेलं. तिथल्या भाताने आमची कोठारं कधी भरली नाहीत. पुढे 2016 ते 2020 चा नवा आराखडा आला. त्या काळात अर्थतज्ज्ञ आम्हाला समजावत, की पर्यटन आणि बँका डॉलर आणतील, अन्न विकत घेता येईल, पिकवण्याचा हट्ट कशाला? त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. साऱ्या देशाला पुरेल एवढा तांदूळ या बेटावर होणार नाही. पण बटाटा, कांदा, भाजी, थोडं दूध होतं. रॉड्रिग्ज बेटावरचा कांदा-लसूण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय. 2020 च्या मार्चात विमानं थांबली, सुपरमार्केटं बंद झाली आणि ती उघडल्यावर आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे ठरलेल्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो. आयात माल देशात होता, म्हणून निभावलं. जहाजंही थांबली असती तर काय, याचं उत्तर त्या तज्ज्ञांनी अजून दिलेलं नाही.

सुमारे तीन चतुर्थांश अन्न आजही बाहेरून येतं. महागाई आली की निधी आणि उतरली की विसर, हा खेळ आता थांबवा. अन्नासाठी जमीन कायद्याने राखून ठेवा, तिच्यावर बंगल्याला परवानगी नको. सामाईक जमीन कसणाऱ्याला अनुदान द्या. लावणीआधी खरेदीचा भाव जाहीर करा आणि किती हेक्टर नव्याने पिकाखाली आले, हे दरवर्षी संसदेत सांगा. पुढचा आराखडा येईल तेव्हा त्यात किती कोटी आहेत हे मी पाहणार नाही, किती जमीन आहे ते पाहीन.