खिळे जुळवणाऱ्यांची खोली

जुन्या वर्तमानपत्राची कचेरी म्हटलं की अनेकांच्या कानात टाइपरायटरचा कडकडाट घुमतो. इंग्रजी दैनिकांत तो खरोखरच होता. मराठी दैनिकांत बातमी हातानं लिहिली जायची, न्यूजप्रिंटच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर. कोपऱ्यात टेलिप्रिंटर खडखडत असायचा. त्यातून पीटीआय वृत्तसंस्थेची इंग्रजी भेंडोळी बाहेर पडली की उपसंपादक ती फाडून घ्यायचा आणि एकीकडे वाचत दुसरीकडे मराठी मजकूर लिहून काढायचा.

मराठी टाइपरायटर नव्हता असं नाही. १९५५ मध्ये गोदरेजनं देशी यंत्र आणलं. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांसाठी गल्लोगल्ली टायपिंगचे क्लास भरत. पण टाइपरायटर सरकारी कचेरीत आणि कोर्टाच्या आवारात रमला. चाळीस-पंचेचाळीस कळा, शिफ्ट धरून नव्वदेक चिन्हं. एवढ्यात बाराखडी आणि जोडाक्षरं मावायची कशी? मग तोड निघाली: काही अक्षरं उमटवायची तर आधी त्यांचं अर्धं रूप, मग काना. काही कळा दाबल्या तरी कॅरेज जागचं हलत नसे, म्हणजे उकार आणि अक्षर एकाच जागी बसे. बातमीच्या घाईत यापेक्षा पेन बरं. शिवाय कसलंही गिचमिड अक्षर लावणारी माणसं शेजारच्याच खोलीत होती.

माझा जीव अडकतो तो त्या खोलीत. इंग्रजीचं काम शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या दोन केसांत, म्हणजे खणांच्या पेट्यांत, भागे. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकडो घरं लागत. ही संख्या कमी करण्याचा खटाटोप खुद्द टिळकांनी ‘केसरी’साठी केला होता. कंपोझिटर घराकडे न बघता खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचा आणि उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचायचा. वेलांटीचं टोक खिळ्याबाहेर झुकलेलं. छापताना ते मोडलं की शब्दच बदलायचा. बातमीत एखादं गाव भलत्याच तालुक्यात गेलं असेल तर तेही बऱ्याचदा कंपोझिटरलाच आधी दिसायचं. रात्री फोरमन दारात येऊन म्हणायचा, “साहेब, चार ओळी कापा, नाहीतर पान सुटणार नाही.” आणि संपादक अग्रलेखाच्या चार ओळी कापायचे.

हे सगळं गोड नव्हतं. शिशाची धूळ छातीत जायची, मंद दिव्याखाली डोळे जायचे. म्हणून खिळ्यांच्या जागी फोटोटाइपसेटिंग आलं याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते ज्या रीतीनं हे संपलं त्याचं. खिळे भंगारात किलोच्या भावानं गेले. काही जण संगणकाच्या कळफलकावर बसले, बाकीचे घरी गेले.

संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं कायद्यानं अंकावर छापावी लागतात. ती नावंही खिळ्यांनीच जुळवली जात. जुळवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच अंकावर नाही.