बोलीचा आकडा आणि आपला गल्ला

नोव्हेंबर 2024 मध्ये सौदी अरबस्तानातील जेद्दा शहरात आयपीएल क्रिकेटचा लिलाव झाला. लखनौच्या संघाने ऋषभ पंत याला 27 कोटी रुपयांना घेतले. या स्पर्धेतील तोपर्यंतची ती सर्वांत मोठी बोली. मंचरच्या बाजारात आडत्यापासून हमालापर्यंत सर्वांच्या तोंडी तोच आकडा होता.

त्याच आठवड्यात शिलाईकाम करणारा एक कारागीर माझ्याकडे अस्तराचा तागा न्यायला आला. म्हणाला, "चाचा, महिना 15 हजार कमावणाऱ्याला 27 कोटी जमवायला किती वर्षे लागतील?" मी हिशेब केला. 1,500 वर्षे! दुकानातील सगळे हसले. तो हसला नाही. त्याच्या मुलाने दहावीनंतर शाळा आणि मशीन दोन्ही सोडून क्रिकेटची अकादमी धरण्याचा हट्ट घेतला होता.

तेव्हा वाटले की, या आकड्याकडे एकदा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे.

मोल हुनराचे की गिऱ्हाइकाचे?

चांगला शिंपी दिवसाला चार-पाच शर्ट शिवतो. हात दोनच, म्हणून गिऱ्हाईकही तेवढेच. खेळाडूने मारलेला एक फटका मात्र एकाच वेळी कोट्यवधी लोक पाहतात. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा मुख्यतः जाहिरातींतून वसूल होतो आणि जाहिरातीचा खर्च साबण, चहा व मोबाईलच्या किमतीत मिळवलेला असतो. म्हणजे जुन्नरच्या पेठेत साबणाची वडी घेणारी बाईसुद्धा या बोलीत आपले दोन पैसे टाकतेच.

मेहनत कमी-जास्त असल्याने हा फरक पडत नाही. कबड्डीत अंगमेहनत काय कमी आहे? शेजारच्या नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने 2024 मध्ये प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. पण कबड्डीत 2023 च्या लिलावातील सर्वांत मोठी बोली पवन सेहरावतची, 2 कोटी 60 लाखांची. क्रिकेटच्या दहावा हिस्सा! कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळवले. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले होते. हुनर होते, बाजार नव्हता.

आपल्या जुन्नरलाही हा अनुभव आहे. येथील कागझी कारागिरांचा हातकागद एकेकाळी 'जुन्नरी कागद' म्हणून नावाजलेला होता, दप्तरांतून वापरला जात होता. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. कारागिरांचा हात काही बिघडला नव्हता, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते.

बोली म्हणजे नफा नव्हे

दुसरी गोष्ट अशी की, बोलीचा आकडा ही विक्री आहे, नफा नव्हे. 5 कोटींच्या वरच्या उत्पन्नावर नव्या करपद्धतीत अधिभारासह 39 टक्के आयकर लागतो. म्हणजे 27 कोटींतले सुमारे साडेदहा कोटी सरकारजमा. शिवाय सगळे भांडवल अंगात. डिसेंबर 2022 मध्ये पंतचा मोटार अपघात झाला आणि 2023 चा संपूर्ण मोसम तो खेळू शकला नाही. खेळाडूची कमाईची वर्षे दहा-पंधरा, आपली चाळीस.

तिसरी गोष्ट न विकल्या गेलेल्या मालाची. जेद्दाच्या यादीत 577 खेळाडू होते, विकले गेले 182. आणि त्या यादीपर्यंत न पोहोचलेली देशभरातील मुले कोण मोजणार? रणजी सामन्यात खेळणाऱ्याला अनुभवाप्रमाणे दिवसाला 40 ते 60 हजार रुपये मिळतात, पण सामना असेल तेव्हाच.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराने आपल्याला हेच शिकवले आहे. जुलै 2023 मध्ये 20 किलोच्या कॅरेटला 2 हजारांच्या वर भाव गेला. जुन्नर तालुक्यातील एका कुटुंबाने महिन्याभरात सुमारे 13 हजार कॅरेट विकून दीड कोटी रुपये केल्याची बातमी देशभर गाजली. ती वाचून ज्यांनी घाईने लागवड केली, त्यांचा माल येईपर्यंत भाव कोसळला होता. एकाच्या भावाची बातमी होते, बाकीच्यांचा तोटा घरातच राहतो.

गळती कुठे आहे?

खेळाडूला मिळते म्हणून आपण जळू नये. ज्याच्या नावावर पैसा जमतो, त्याला वाटा मिळणे रास्तच आहे. काळजी आहे ती आपल्या गल्ल्याची. माझ्याच दुकानातील एक पोरगा मोसमभर मोबाईलवर पैसे भरून 'टीम' लावत होता. 49 रुपये, 99 रुपये असे करत दोन महिन्यांचा पगार गेला, तेव्हा तो उचल मागायला आला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगले झाले. पण कायदा गल्ल्यावर बसत नाही. तिथे आपल्यालाच बसावे लागते.

त्या कारागिराला मी उलटा हिशेब मांडून दाखवला. महिना 15 हजार, वर्षाला 1 लाख 80 हजार, 40 वर्षांत 72 लाख रुपये. एवढी रक्कम त्याच्या हातातून जाणार आहे. त्यातला दहावा हिस्सा बाजूला राहिला तर 7 लाख 20 हजार होतात. त्यात नवी मशीन येते, गाळ्याची अनामत होते, मुलीचे शिक्षण होते. 27 कोटींचा हिशेब आपल्याला तोंडपाठ आहे. या 72 लाखांचा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी वहीत लिहिला आहे?

मुलाबद्दल मी एवढेच म्हणालो, "त्याला खेळू द्या, पण सगळे भांडवल एकाच मालात घालू नका." मुलाने आयटीआयला प्रवेश घेतला आहे आणि संध्याकाळी मैदानावर जातो. बापावर थोडा रुसलेला आहे, पण बाप परवा आला तेव्हा त्याच्या खिशात एक छोटी वही होती. आपणही येत्या पहिल्या तारखेपासून दुकानाच्या रोजमेळाशेजारी घरखर्चाची एक वही ठेवावी, अशी माझी सर्व व्यापारी आणि कारागीर बांधवांना विनंती आहे.