फितीवरून तबकडीवर

इसवी सन १९८२ मध्ये दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्याच वर्षी भारतातील दूरदर्शनवर रंग अवतरले. पुढे लग्न, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन असे प्रसंग व्हिडिओ फितीवर टिपून ठेवण्याची रीत मराठवाड्यातही रुळली. त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, हे जग परके नव्हते. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन कंपनीचे दूरचित्रवाणी संच तयार होत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, फिती चालविणारी यंत्रे बनविणे फुनाई या जपानी कंपनीने थांबविले होते. कपाटातील कॅसेटी मात्र तशाच राहिल्या. त्यांत आजोबांचा चालता-बोलता चेहरा आहे, पण तो दाखविणारे यंत्र घरोघरी बंद पडत आहे.

व्ही.एच.एस. पद्धतीची फीत अर्धा इंच रुंद असते. तिचा पाया पॉलिएस्टरचा असून त्यावर लोखंडाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण चिकटविलेले असतात. चित्र आणि ध्वनी हे या कणांच्या चुंबकत्वात साठविलेले असतात. फीत सेकंदाला अडीच सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. परंतु तिला खेटून असलेली एक लहानशी, किंचित कललेली ढोलकी मिनिटाला १५०० फेरे घेते. या ढोलकीवर बसविलेली वाचकशीर्षे फितीवरील तिरप्या रेघा वाचीत जातात. एका रेघेत चित्राच्या निम्म्या ओळी मावतात. इतकी नाजूक ही योजना! साहजिकच प्रत्येक वेळी फीत चालविली की ती थोडी घासते. त्यातच पावसाळ्याची दमट हवा लागली, तर तिच्यावर पांढरी बुरशी धरते. बुरशी धरलेली फीत यंत्रात घालणे हा शुद्ध अविचार होय. शीर्षे खराब होतातच, शिवाय ती बुरशी पुढच्या फितीलाही लागते.

म्हणून फितीवरील दृश्य तबकडीवर उतरवून घेतात. घरगुती डीव्हीडी मुद्रणयंत्राने हे काम साधते. काही यंत्रांत कॅसेट व तबकडी यांची सोय एकत्रच असते. इतर ठिकाणी दोन यंत्रे तीन तारांनी जोडावी लागतात. पिवळ्या तारेतून चित्र जाते, तर लाल व पांढऱ्या तारांतून ध्वनी जातो. फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे सुटतात. पुढे घाई चालत नाही. तीन तासांच्या फितीस तीन तासच लागतात. साधारण प्रतीचे मुद्रण एका तबकडीवर दोन तासांचे बसते, तेव्हा लांबलचक लग्नसोहळा दोन तबकड्यांत विभागणे बरे. शेवटी ‘फायनलाइझ’ ही क्रिया विसरू नये. ती केल्यावाचून ती तबकडी बहुधा दुसऱ्या यंत्रावर चालत नाही.

घरी मुद्रित केलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा एक थर असतो. लेसर किरणाने त्यावर खुणा उमटतात. कडक उन्हाने हा थर बिघडतो. तबकडीवर टोकदार पेनाने नाव लिहिले, तर तीही दुखावते. शिवाय डीव्हीडी यंत्रेही आता दुर्मीळ होत चालली आहेत. म्हणून एक प्रत संगणकावरही असावी.

एकाच प्रतीवर भिस्त ठेवण्याचे फळ काय, हे याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या चित्रांच्या बाबतीत दिसून आले आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून खपून तयार केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. सुदैवाने मूळ चित्रे लेण्यांत होती. त्यांचे जे भाग पुढे झिजले, त्यांपैकी काहींचे रूप आज ग्रिफिथ्स यांच्या उरलेल्या नकलांवरूनच कळते. तेव्हा तबकडी तयार झाली म्हणून कॅसेट भंगारात घालू नये. ती कोरड्या जागी उभी ठेवावी आणि तबकडीची दुसरी प्रत परगावच्या नातलगाकडे द्यावी.