व्हीएम हलवायची म्हणजे नुसती फाइल उचलायची नाही

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि महिनाभरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. राहिलं ते फक्त सबस्क्रिप्शन. तेव्हापासून सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मचं नाव वारंवार येऊ लागलं. ते ओपन सोर्स आहे आणि लिनक्समधल्या केव्हीएमवर चालतं. नावामागोमाग गैरसमजही आले.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे ‘व्हीएम ही शेवटी एक फाइलच, फॉरमॅट बदलला की काम झालं.’ फॉरमॅट बदलणं खरोखर सोपं आहे. आता तर प्रॉक्समॉक्समध्येच इम्पोर्टची सोय आहे. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय होस्ट जोडा, व्हीएम निवडा, डिस्क आपोआप येते. पण आतल्या विंडोजला फाइलशी काही देणंघेणं नसतं. आजवर तिला व्हीएमवेअरचा डिस्क कंट्रोलर दिसत होता, आज समोर केव्हीएमचा व्हर्टआयओ कंट्रोलर आहे आणि त्याचा ड्रायव्हर तिच्याकडे नाही. मग निळी स्क्रीन येते: ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क खराब झाली समजून लोक पुन्हा कॉपी करत बसतात. उपाय वेगळाच आहे. मूळ डिस्क आधी साटा म्हणून जोडायची, विंडोज सुरू करून व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाकायचे. मग एखादी छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडून विंडोजला तो कंट्रोलर ओळखू द्यायचा आणि व्हीएम बंद करून मूळ डिस्क तिकडे वळवायची. व्हीएमवेअर टूल्स मात्र निघण्यापूर्वीच काढून टाकावीत. नंतर ती काढणं डोकेदुखी होते.

‘लिनक्सला काही होत नाही’ हे अर्धसत्य. मशीन सुरू होतं, पण नेटवर्क गायब! जुन्या घरी नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं, इथे ते ईएनएस१८ झालं. स्थिर आयपी मात्र जुन्या नावावरच लिहिलेला. कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बदलायची, पण ती कन्सोलवरूनच, कारण एसएसएच चालणार नसतं.

चालू मशीन न थांबवता हलवता येतं, असंही अनेकांना वाटतं. व्हीमोशनने लावलेली सवय! ती सोय व्हीएमवेअरच्या दोन होस्टमध्ये चालते, दोन वेगळ्या प्लॅटफॉर्ममध्ये नाही. प्रॉक्समॉक्सचं ‘लाइव्ह इम्पोर्ट’ ऐकायला तसंच वाटतं, पण त्यातही मूळ व्हीएम आधी बंद करावी लागते. फक्त डेटा येत असतानाच नवी सुरू होते. मध्येच इम्पोर्ट फसलं तर सुरू झाल्यापासून लिहिलेलं सगळं जातं. डेटाबेसच्या सर्व्हरवर हा खेळ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डाउनटाइम मागून घ्यावा.

स्नॅपशॉट सोबत येत नाहीत, उलट ते असले की इम्पोर्ट बरंच मंदावतं. आधीच काढून टाकावेत. व्हर्च्युअल टीपीएमची आतली माहितीही येत नाही, म्हणून बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवावी. बूट बायोसने होत होतं की यूईएफआयने, तेही नव्या ठिकाणी तसंच ठेवावं लागतं.

आणि व्हीएम नव्या ठिकाणी सुरू झाली म्हणजे काम संपलं, असंही नाही. बॅकअपचं जुनं वेळापत्रक अजून जुन्याच व्हीएमकडे बोट दाखवत असतं. नव्या व्हीएमचा पहिला पूर्ण बॅकअप घेऊन तो एकदा रिस्टोर करून बघेपर्यंत जुनी डिलीट करू नये. तिचं नेटवर्क कार्ड तोडून ठेवावं, नाहीतर कुणीतरी सहज म्हणून ती सुरू करतो आणि एकाच आयपीवर दोन सर्व्हर भांडत बसतात.